एका पोत्याचा हिशेब

बोरगाव आज निपाणी तालुक्यात येतं, काही वर्षांपूर्वीपर्यंत ते चिकोडी तालुक्यात होतं. सरकारी कागद कन्नडमध्ये, घरात बोलणं मराठीत, मोठी खरेदी इचलकरंजीला आणि ऊस दोन्ही राज्यांतल्या कारखान्यांना. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातल्या या काळ्या रानात ऊस हेच मुख्य पीक आहे. जानेवारीत तोडणी ऐन भरात असते. संध्याकाळी कुठल्या तरी तुटलेल्या फडात पाचट पेटतं आणि सकाळी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी दिसते. इथल्या बायका ती फुंकर मारून उडवतात. हात लावला तर डाग पडतो, हे त्यांना सवयीनं ठाऊक झालेलं असतं.

अशाच एका जानेवारीत ओळखीतली एक मुलगी माझ्याबरोबर या भागात फिरत होती. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत ती नुकती लागली होती. साखर विकत घेणाऱ्या एका मोठ्या उद्योगाला आपल्या साखरेमागे किती कार्बन आहे हे मोजायचं होतं, आणि ते मोजणं हिच्याकडे आलं होतं. बोरगावच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर बसून तिनं वही उघडली.

“आण्णा, एकरी युरियाची पोती किती पडतात?”

“पडत्यात सहा. पाऊस जास्त झाला तर आठ.”

“नक्की सहा का आठ?”

“बाळ, उसाचा रंग बघायचा आन् टाकायचं. पोती मोजून ठेवतंय कोण?”

तिनं वहीत ‘६ ते ८’ लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. पुढच्या सगळ्या प्रकरणाचा विषय त्या गोलात आहे, म्हणून हा हिशेब आधी नीट मांडतो.

युरियाचं पोतं ४५ किलोचं. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो. रानात टाकलेल्या नत्रातलं साधारण १ टक्का मातीतल्या जिवाणूंच्या कामामुळे नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपानं हवेत जातं, असा आंतरसरकारी हवामान बदल समितीचा ढोबळ गुणांक आहे. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो. गुणाकार केला की एका पोत्यामागे जवळपास ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम निघतो. युरियाचं मातीत विघटन होताना त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे आणखी ३३ किलो. एकूण १२० किलोच्या वर. खतकारखान्यात युरिया तयार होताना जळलेला वायू यात अजून धरलेलाच नाही.

आता सहा की आठ, या दोन पोत्यांच्या फरकाकडे बघा. एकरी २४० किलो. एखाद्या कारखान्याकडे २० हजार एकरांचा ऊस येत असेल, तर बांधावरच्या त्या एका अंदाजामुळे हिशेब ४,८०० टनांनी इकडचा तिकडे होतो. मुंबईत किंवा लंडनमध्ये ज्या अहवालात हा आकडा दशांश चिन्हासह छापला जाईल, त्याच्या मुळाशी ‘उसाचा रंग बघायचा आन् टाकायचं’ हे वाक्य आहे.

कंपन्यांना शाश्वततेबद्दल सल्ला देणं हा आज मोठा व्यवसाय झाला आहे. त्यातले अधिकारी मोठ्या पगारावर असतात, परिषदांमध्ये बोलतात, संचालक मंडळांसमोर मांडणी करतात. तिथपर्यंत माणूस कसा पोचतो, त्याला रोज काय करावं लागतं आणि त्याच्या कामाची खरी कसोटी कुठे लागते, ते बोरगावच्या बांधावर उभं राहून जितकं स्पष्ट दिसतं तितकं काचेच्या इमारतीतून दिसत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मराठी माणसांत या व्यवसायाची वाट पाडणाऱ्यांत डॉ. प्रसाद मोडक यांचं नाव ठळक आहे. बँकॉकच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात ते प्राध्यापक झाले. १९९६ मध्ये त्यांनी मुंबईत एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट सेंटर ही सल्लागार संस्था काढली. त्या काळात आयआयटीतली प्राध्यापकी आणि पर्यावरणाचा सल्ला हा धंदा, यांतलं दुसरं निवडणं सोपं नव्हतं. पर्यावरण म्हणजे कारखानदाराच्या दृष्टीनं प्रदूषण मंडळाची नोटीस. नोटीस आली की सल्लागार शोधायचा, सांडपाण्याचा प्रकल्प उभारायचा, परवानगीचा कागद भिंतीला लावायचा.

ही नजर कुठून आली हे समजण्यासाठी थोडं मागं जावं लागतं. आपल्याकडे पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये वायुगळती झाली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. तिन्ही कायद्यांचं लक्ष मुख्यतः नळीच्या शेवटच्या टोकाकडे होतं: कारखान्यातून बाहेर काय पडतं ते तपासा. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ‘स्वच्छतर उत्पादन’ ही कल्पना पुढे आणली. घाण तयार झाल्यावर धुण्यापेक्षा ती मुळात तयारच कमी व्हावी, त्यासाठी कच्चा माल, यंत्र, पाणी, वाफ सगळं तपासा, असा तिचा अर्थ. १९९६ मध्येच आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक जगात आलं आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांकडे परदेशी गिऱ्हाईक त्याचं प्रमाणपत्र मागू लागलं. मोडकांची संस्था त्याच वर्षी निघाली, हे या व्यवसायाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे.

पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी आणि जागतिक बँकेसाठी काम केलं, केंद्र सरकारच्या इंडियन रिसोर्स पॅनेलचे ते सदस्य होते आणि नव्या पिढीला शिकवण्यासाठी त्यांनी एकॉनेक्ट नॉलेज फाउंडेशन सुरू केलं. त्यांची दोन जाड इंग्रजी पुस्तकं आहेत. एक पर्यावरण व्यवस्थापनाकडून शाश्वततेकडे जाण्याबद्दल, दुसरं २०२१ चं, चक्राकार अर्थव्यवस्था व्यवहारात कशी आणायची याबद्दल. या विषयांचा क्रम लावून बघितला तर नळीच्या टोकापासून कारखान्याच्या आत, कारखान्यातून पुरवठ्याच्या साखळीत आणि तिथून धोरणापर्यंत हा व्यवसाय कसा सरकत गेला ते एका माणसाच्या कारकिर्दीत दिसतं. मोठ्या सल्लागाराचं मोठेपण मला यात वाटतं: गिऱ्हाईक ज्या प्रश्नाचं उत्तर मागत आलं, त्याच्या मागचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवायचा.

स्वच्छतर उत्पादन म्हणजे काय ते बेळगावच्या उद्यमबागेत बघता येतं. बेळगाव आणि कोल्हापूर हे दोन्ही फाउंड्र्यांचे जिल्हे. पूर्वी कोक जाळणारे क्युपोला होते, आता बऱ्याच ठिकाणी विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे नुसत्या वितळवण्याचे टनामागे ४२० किलो झाले. अनुभवी सल्लागार मात्र भट्टीकडे लगेच जात नाही. तो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येतो. सगळी यंत्रं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू करायला सांगतो आणि शांत शेडमधून फिरतो. कुठून तरी सुस्स आवाज येतो. जोडणीत, रबरी नळीत, जुन्या झडपेत. हवा गळत असते आणि त्या हवेसाठी वीज जळत असते. दुर्लक्ष झालेल्या कारखान्यात दाबलेल्या हवेतली २० ते ३० टक्के अशी वाया जाणं नवलाचं नाही. साबणाचा फेस लावून भोकं शोधायची, वॉशर बदलायचे, महिन्याचं बिल मालकाच्या हातात ठेवायचं. या क्षेत्रातल्या पुष्कळांनी सुरुवात ऊर्जा लेखापरीक्षणातून केली. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर त्याची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली आणि इंजिनिअर झालेल्या मुलांना एक नवं दार उघडलं. अशा कामात धूळ अंगावर बसते, आणि ती बसलेली असली की पुढे सभागृहात बोलताना माणूस कारखानदाराच्या भाषेत बोलू शकतो.

जगाच्या पातळीवर या व्यवसायाला वेगळं वळण दिलं ते ब्रिटनच्या जॉन एल्किंग्टन यांनी. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला आणि शाश्वत विकास हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याच वर्षी एल्किंग्टन यांनी सस्टेनॅबिलिटी नावाची सल्लागार संस्था काढली. १९९४ मध्ये त्यांनी मांडलं की कंपनीच्या ताळेबंदात एक शेवटची ओळ पुरत नाही, तीन हव्यात: नफ्याची, माणसांची आणि निसर्गाची. ही कल्पना जगभरच्या कंपन्यांनी उचलली. आणि मग २०१८ मध्ये, जवळपास पाव शतकानं, त्यांनी स्वतःच ती कल्पना ‘परत मागवली’, जसा एखादा मोटारकारखाना सदोष गाड्या परत मागवतो. त्यांचं दुखणं असं होतं की व्यवस्था बदलावी म्हणून मांडलेली गोष्ट हिशेबाचा एक तक्ता होऊन बसली. नफा मिळवायला कंपन्या जिवाचं रान करतात, माणसं आणि निसर्ग यांच्या ओळींसाठी तसं कुणी धावत नाही. ज्या शब्दामुळे आपलं नाव झालं त्याच शब्दावर उतारवयात असं बोट ठेवणं याला मोठं धैर्य लागतं. हा व्यवसाय करू पाहणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट वाचावी.

आपल्याकडे या क्षेत्रात नोकऱ्या एकदम वाढल्या त्या सेबीच्या एका परिपत्रकानंतर. १० मे २०२१ रोजी सेबीनं ‘बीआरएसआर’ म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल हा नमुना जाहीर केला आणि २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना तो बंधनकारक झाला. त्यात नऊ तत्त्वं आहेत. वीज किती, पाणी किती, कचरा किती, अपघात किती, बायकांना पगार किती, कंत्राटी कामगार किती, सगळं भरायचं. २०२३ मध्ये त्यातल्या निवडक बाबींची त्रयस्थाकडून तपासणी करून घेणंही आलं, आधी सर्वांत मोठ्या दीडशे कंपन्यांना. तोपर्यंत वार्षिक अहवालात झाडं लावतानाचा फोटो छापून भागत होतं. आता वित्त विभागातल्या माणसालाही किलोलिटर आणि टन यांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि सनदी लेखापाल, पर्यावरण अभियंता, समाजकार्य शिकलेली मुलं एकाच टेबलाशी बसतात.

या टेबलावर सर्वांत अवघड विषय असतो ‘स्कोप ३’. कंपनीनं स्वतः जाळलेल्या इंधनाचा धूर हा स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचा धूर स्कोप २. आणि तिच्या कच्च्या मालापासून ते गिऱ्हाइकानं वस्तू वापरून फेकेपर्यंत बाकी सगळं स्कोप ३. बिस्किटं किंवा शीतपेयं करणाऱ्या कंपनीचा मोठा भाग तिथंच असतो. म्हणून बोरगावच्या आण्णांचं पोतं तिच्या हिशेबात येतं. सेबीनंही मोठ्या कंपन्यांनी आपल्या मूल्यसाखळीची माहिती द्यावी असं ठरवलं होतं. नंतर ती मुदत पुढे गेली आणि सध्या ती माहिती ऐच्छिक ठेवली आहे. कंपन्यांची अडचण खरी होती, कारण साखळीच्या टोकाला नोंदच नसते.

याचं सीमाभागातलं उदाहरण बघा. साडेसात अश्वशक्तीची मोटर सात तास चालली की साधारण ३९ युनिट जातात, म्हणजे २७-२८ किलो कार्बन डायऑक्साइड. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत झाली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे चांगलंच आहे. पण हातात वापराचं बिल नसेल तर आकडा कुठून आणायचा? मग मोटर किती तास चालते ते विचारावं लागतं. तर उत्तर येतं, “लाइट आली की चालू, गेली की बंद.” दोन मैलांवर नदीपलीकडे राज्य वेगळं, विजेची वेळ वेगळी, प्रदूषण मंडळ वेगळं, उसाच्या दराचं आंदोलन वेगळं. ऊस मात्र एकाच गव्हाणीत पडतो. अहवालात ‘एका कारखान्याचं कार्यक्षेत्र’ असं सरळ लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आणि हिशेब फक्त कार्बनचा असता तर अर्धं काम सोपं झालं असतं. निपाणीत माणसांचा हिशेब फार आधी मांडला गेला आहे. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मेले. त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं वखारीतल्या बायका संघटित होत होत्या. दीपा धनराज आणि युगांतर या गटातल्या मैत्रिणींनी १९८२ मध्ये त्यांच्यावर लघुपट केला. या बायका तंबाखू झोडायच्या, चाळायच्या, निवडायच्या, दिवसभर नाकातोंडात तिखट धूळ. पदर तोंडाला बांधलेला, तरी ठसका चुकायचा नाही. मजुरी, कामाचे तास, वखारीतली हवा, मालकाची वागणूक: आज ज्या गोष्टी ‘सामाजिक निर्देशांक’ म्हणून अहवालात येतात त्या या बायकांनी रस्त्यावर येऊन मागितल्या होत्या, आणि त्यांच्या मागे कुणी सल्लागार नव्हता. शाश्वततेचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनी निपाणीचं हे पान त्यात घालावं, असं मला फार वाटतं.

उसाच्या बाबतीत तेच पान अजून उलटायचं आहे. तोडणीला टोळ्या येतात त्या बीडकडून, विजयपूरकडून. उचल घेऊन आलेली जोडपी, एका कोयत्याला दोन माणसं, पालाच्या खोपीत संसार, पहाटे फडात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हा धागा उचलून दाखवलं की महाराष्ट्रातली ही साखर जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखळीत जाते. त्या कंपन्यांकडे पुरवठादारांसाठीच्या आचारसंहिता होत्या, लेखापरीक्षणं होत होती. पण लेखापरीक्षक कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो. तोडणी कामगार मुकादमाचा, मुकादम वाहतूकदाराचा, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर त्या बाईचं नाव कुठेच नाही. तिला पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापतात. हे ज्या प्रश्नावलीत विचारलेलंच नाही, तिच्यावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो.

इथं या व्यवसायातल्या नेत्याची परीक्षा होते. खालचा विश्लेषक आकडे गोळा करतो, मधला व्यवस्थापक अहवाल बांधतो. वरच्या माणसाला ठरवावं लागतं की हा अहवाल आपल्या सहीनं जाऊ द्यायचा की नाही. फी देणारं गिऱ्हाईक समोर असतं आणि त्याला चांगला आकडा हवा असतो. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनला शाश्वततेच्या एका नामांकित जागतिक निर्देशांकात मोटार उद्योगात पहिला मान मिळाला. काही दिवसांतच उघड झालं की तिच्या डिझेल गाड्यांमध्ये धूर-चाचणी चुकवणारी आज्ञावली बसवलेली होती. महिनाभरात निर्देशांकातून नाव काढावं लागलं. गुण देणाऱ्यांनी प्रश्नावलीची उत्तरं तपासली होती. गाडीच्या नळकांड्याला यंत्र लावलं ते दुसऱ्याच संशोधकांनी, अमेरिकेत, रस्त्यावर गाडी चालवून.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं खोट्या पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘निसर्गस्नेही’, ‘हरित’, ‘कार्बन-मुक्त’ असं वेष्टनावर लिहायचं तर पुरावा दाखवावा लागेल. चांगल्या सल्लागाराला या नियमाची भीती वाटायचं कारण नाही. तो पुरावा आणण्यासाठीच त्याला नेमायला हवं. पण त्यासाठी नेमणुकीच्या पहिल्या दिवशीच ‘आम्ही शेतापर्यंत जाऊ, तोडणीच्या खोपीपर्यंत जाऊ, आणि तिथं जे दिसेल ते लिहू’ हे कबूल करून घ्यावं लागतं. पुष्कळदा काम हातचं जातं. ज्यांनी अशी कामं जाऊ दिली त्यांची नावं कुठल्याही पुरस्काराच्या यादीत येत नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर आहे.

बोरगाव, कारदगा, बेडकिहाळ, सदलगा या भागातल्या मुलांना मी या व्यवसायाबद्दल मुद्दाम सांगतो. बेळगावात साखर उद्योगाचं शिक्षण देणारी निजलिंगप्पा साखर संस्था आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, धारवाडला कृषी विद्यापीठ, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग. पदवी कुठलीही चालते. आकडेमोड, इंग्रजीत नेटकं लिहिणं आणि तक्ता वाचता येणं एवढं लागतं. बाहेरून आलेल्या सल्लागाराला जे शिकायला दोन वर्षं जातात ते या मुलांना आधीच येतं. लावण आणि खोडवा यांत खताचा काय फरक पडतो, तोडणीची चिठ्ठी देणारा चिटबॉय कुणाचं आधी ऐकतो, एकरी तीन-चार टन निघणारं पाचट शेतकरी का पेटवतो. पेटवण्याचं कारण आळस नसतं. पाचट तसंच ठेवलं तर सरीत पाणी नीट पुढं सरकत नाही, उंदीर होतात, बुडखे छाटायला अडचण होते आणि कुट्टी करणारं यंत्र वेळेवर भाड्यानं मिळत नाही. यंत्राची सोय झाली त्या रानात पाचट कुजून माती भुसभुशीत झालेली मी बघितली आहे. ‘शेतकऱ्यांचं प्रबोधन करावं’ असं लिहिणारा अहवाल आणि ‘गटात पाच कुट्टी यंत्रं द्यावीत’ असं लिहिणारा अहवाल, यांत दुसरा लिहायला बांध माहीत असावा लागतो. अर्थात गावची ओळख अडचणही करते. भावकीतल्या माणसानं सहा सांगितलं की आठ लिहायला हात धजत नाही.

त्या मुलीनं पुढं काय केलं ते सांगायचं राहिलं. सहा की आठ हे ठरवण्यासाठी ती आण्णांच्या घरी गेली. मळलेल्या पिशवीत सोसायटीच्या पावत्या होत्या, काही ओल्या होऊन चिकटलेल्या. काकूंनी त्या तव्याच्या उबेवर सुट्या केल्या. दोन हंगामांच्या पावत्या जुळवून, रानाच्या एकरांनी भागून तिनं आकडा काढला, आणि अशाच पावत्या आणखी वीस घरांत बघितल्या. आठवडा गेला. तिच्या वरिष्ठानं तो आठवडा दिला, याला मी त्याचं मोठेपण समजतो.

शेवटच्या दिवशी आम्ही नदी ओलांडून शिरोळ तालुक्यात गेलो. वर्षानुवर्षं सरी भरून पाणी दिल्यानं या पट्ट्यात क्षार वर आले, पांढरी बुरशी आल्यासारखी रानं दिसू लागली आणि चांगल्या जमिनी पडीक पडल्या. शिरोळच्या दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं, गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं, गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून क्षारपड जमीन सुधारण्याचं काम हाती घेतलं. रानात चार-पाच फूट खोल छिद्रं पाडलेल्या, कापड गुंडाळलेल्या नळ्या पुरायच्या, त्या एका मोठ्या नळीला जोडायच्या, खारं पाणी जमिनीखालून बाहेर काढायचं. एकट्या शेतकऱ्याला ते जमत नाही, कारण पाणी काढायचं ते शेजाऱ्याच्या रानातून. म्हणून सगळ्यांची संमती आणि सगळ्यांच्या नावावर कर्ज. पुन्हा ऊस उभा राहिलेलं रान बघताना डोळे निवतात.

नळी जिथं ओढ्यात उघडत होती तिथं ती मुलगी उकिडवी बसली. पाण्याची धार बोटाएवढी, अखंड. हातावर घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं. मग वर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारलं, “दादा, हे पाणी पुढं कुठं जातं?”

“ओढ्यातनं नदीला.”

“आणि नदीवर खाली गावं कुठली?”

तिनं वही उघडली. तो बोटांवर मोजू लागला, “राजापूर. मग जुगूळ, मंगावती.” मग थोडं थांबून म्हणाला, “म्हंजे परत कर्नाटकातच की.”